बिडकीनची विहीर आणि हरिहरेश्वरचा कडा

बिडकीनहून समुद्र गाठायचा तर अर्धा महाराष्ट्र ओलांडून घाट उतरावा लागतो. अशा गावात मी भूगोल शिकवला. 'सागरी कडा', 'सागरी गुहा', 'तरंगघर्षित मंच' या संज्ञा आमच्या मुलांना तोंडपाठ असत, पण ज्याने समुद्र पाहिलाच नाही त्याच्या डोळ्यांपुढे त्यातून काही उभं राहत नसे. म्हणून शाळेच्या सहली कोकणात न्यायला सुरुवात केली. पुढे त्या किनाऱ्याचा मला लळाच लागला. सवड मिळेल तेव्हा, भर पावसाळ्यातही, मी तिकडे जात राहिलो. श्रीवर्धन-हरिहरेश्वरपासून गुहागर, रत्नागिरी, मालवणपर्यंत हिंडताना जे ध्यानात आलं ते इथं मांडतो. हे मुख्यतः आपल्या मराठवाड्यातल्या वाचकांसाठी आहे. कोकणचा किनारा समजून घ्यायची निम्मी तयारी आपल्या शिवारातच होते, याची मला खात्री पटली आहे.

१. आधी विहीर बघा, मग समुद्र.

आमच्या भागात विहीर खोदताना वर काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. त्याखाली बऱ्याचदा मांजऱ्या लागतो. हा भोकाभोकांचा दगड असतो आणि त्याच्या भोकांत पांढऱ्या गारगोट्या भरलेल्या असतात. कुठे कुठे दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा उसळला, पसरला, थंड झाला. मग त्यावर दुसरा लोट आला, तिसरा आला. विहिरीतला एकेक थर म्हणजे असा एकेक लोट. लोट थंड होताना आकसला म्हणून त्यात उभे तडे पडले. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले म्हणून तो सच्छिद्र झाला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा दगड कुजून माती झाली आणि पुढच्या लोटाच्या धगीने ती भाजून लाल पडली.

विहिरी खोदणाऱ्या एका मामांनी मला सांगितलेलं वाक्य मी प्रत्येक वर्गाला ऐकवत आलो. "सर, काळ्याला भेग असंल तरच पाणी. भेग नसंल तर कितीबी खाली जावा, कोरडंच." भूगर्भशास्त्राचं पुस्तक हेच सांगायला पानंच्या पानं घेतं.

हाच दगड वेरूळला कोरला गेला आणि हाच हरिहरेश्वरला समुद्रात उतरला आहे. म्हणून सहलीच्या आधी मी मुलांना विहिरीच्या काठावर उभं करी आणि तीन गोष्टी शोधायला लावी: थर कुठे बदलतो, भेगा कुठून कुठे जातात, आणि सगळ्यांत नरम पट्टा कोणता. समुद्रसुद्धा खडकात याच तीन गोष्टी शोधतो.

२. लाट दुप्पट उंच झाली की तिची ताकद चौपट होते.

लाट बघायला आम्हाला फार लांब जावं लागत नाही. पैठणचं जायकवाडी धरण जवळच आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. मातीची भिंत जवळजवळ १० किलोमीटर लांब आहे आणि नाथसागराचं पाणी भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. भिंत जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे आणि पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. एवढ्या उघड्या पाण्यावरून तो वाहत आला की भिंतीच्या पाण्याकडच्या बाजूवर लाटा आपटत राहतात. त्या उताराला काळ्या दगडांचं पिचिंग केलेलं असतं, ते एवढ्यासाठीच. नुसती माती असती तर एका पावसाळ्यात लाटांनी ती ओरबाडून नेली असती.

आता हिशेब करू. नाथसागरावर अर्ध्या मीटरची लाट उठली असं समजा. कोकणापुढच्या समुद्रात जून-जुलैमध्ये ४ मीटरची लाट ही नवलाची गोष्ट नाही. उंची आठपट झाली, पण तेवढ्याच पाण्यातली ऊर्जा चौसष्टपट झाली, कारण ती उंचीच्या वर्गाने वाढते. पैठणला वाऱ्याला धावायला काही किलोमीटर मिळतात, अरबी समुद्रावर हजारो. स्कॉटलंडमध्ये दीपगृहं बांधणारे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८४५ साली स्केरीव्होरच्या खडकावर उपकरण बसवून लाटेचा मार मोजला, तो दर चौरस मीटरला जवळजवळ ३० टन भरला. आपला किनारा तितका उग्र नाही, पण पावसाळ्याचे चार महिने तो कमी मार खात नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामागे माशांच्या विणीचा काळ आहे, तसाच हा खवळलेला समुद्रही आहे.

३. लाट भेग फोडते. खडक त्यानंतर आपोआप पडतो.

हे मला सर्वांत स्पष्ट दिसलं ते गुहागर तालुक्यातल्या हेदवीला. गावाच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, काळ्या कातळात एक लांब, अरुंद घळ आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी तिथं सुरक्षित अंतरावर उभं राहावं आणि नुसतं बघावं. लाट बाहेर मोकळी असते तेव्हा साधीच दिसते. घळीच्या तोंडात शिरली की दोन्ही भिंतींमध्ये आवळली जाते, पाण्याला पसरायला जागा उरत नाही, आणि शेवटच्या टोकाला पोचताच ते सरळ वर उसळतं. आधी आतून धडाम आवाज येतो, मग पाणी दिसतं. तो आवाज कोंडलेल्या हवेचा. लाट आत शिरताना भेगेतली हवा पुढे दाबत नेते, ती हवा बारीक बारीक तड्यांत घुसते, आणि लाट मागे हटली की दाब एकदम सुटतो. हे दर १०-१२ सेकंदांनी, दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीला, हजारो वर्षं चाललं आहे. पाषाण कितीही कठीण असो, तड्यांमधले ठोकळे एकेक करून सैल होतात.

विहिरीतल्या मामांना जी भेग पाणी देते, तीच भेग समुद्राला वाट देते. घळीच्या दोन्ही बाजूंचा अखंड कातळ तसाच उभा आहे, तुकडे गेले ते तडकलेल्या पट्टीतले. सुरुंग लावणारे कामगारही भोक भेगेचा अंदाज घेऊनच घेतात.

४. समुद्राने किती जमीन खाल्ली ते पायाखालीच लिहिलेलं असतं.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या पायऱ्या उतरलं की आपण एका रुंद, जवळजवळ सपाट काळ्या फरशीवर येतो. तोच पाठ्यपुस्तकातला तरंगघर्षित मंच. मुलं इथं पोचली की मी त्यांना थांबवून विचारी, "तुम्ही आत्ता कशावर उभे आहात?" उत्तर 'खडकावर' असं येई. खरं उत्तर असं की ती एका गेलेल्या टेकडीच्या आतली जागा आहे. लाटा कड्याच्या पायथ्याशी खाच कोरतात, वरचा भाग अधांतरी होतो, ढासळतो, ढिगारा लाटाच वाहून नेतात, आणि कडा मागे सरकतो. सरकताना मागे जी जमीन उरते ती ही फरशी. पाण्याच्या कडेपासून आजच्या कड्यापर्यंतचं अंतर म्हणजे कड्याने निदान तेवढी माघार घेतली, याचा पुरावा.

यात एक सुंदर गोष्ट आहे. फरशी जितकी रुंद होते तितकी लाट तिच्यावरच घासून दमते आणि कड्यापर्यंत कमी जोराने पोचते. किनारा आपला बचाव असा स्वतःच तयार करतो. सिमेंटची भिंत बांधणाऱ्यांनी या खडकावर बसून तासभर विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

५. लाटेजवळ दगड असेल तर ती कापते.

याच फरशीवर गोल खळगे आहेत, तळाशी गुळगुळीत गोटे पडलेले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे आमच्याकडच्या पुष्कळांनी पाहिलेले असतात. गोटे फिरत फिरत खडक कोरतात. काम तेच आहे, फक्त तिथं गोटे फिरवणारी नदी आहे आणि इथं लाट.

६. सगळी झीज माराने होत नाही.

मुरूडसमोर समुद्रात पद्मदुर्ग आहे. जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी तो बांधून घेतला. होडीतून उतरून तटाजवळ गेलं तर जे दिसतं त्याने कोणीही थबकेल. दगड झिजून आत गेले आहेत आणि त्यांच्यामधला चुना मात्र जागच्या जागी आहे. तटावर चुन्याच्या उभ्या-आडव्या कडांची जाळी दिसते, आणि प्रत्येक चौकोनात खोलगट झालेला दगड. त्या कडेवर मी बोट फिरवून बघितलं, ती धारदार आणि टणक लागली. दगडाला हात लावला तर खरखरीत कण हाताला आले.

हे काम मिठाचं. लाटेचे तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात, ऊन पडलं की पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक तयार होतात आणि वाढताना कणाकणाला ढकलतात. पुन्हा भिजणं, पुन्हा वाळणं. हरिहरेश्वरच्या कड्यावरही मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात, त्यांतही मिठाचा मोठा हात आहे. तिथल्या पुष्कळशा भोकांपर्यंत लाट थेट पोचत नाही, नुसते तुषार पोचतात. चुना मळणाऱ्या त्या गवंड्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, पण त्यांचं काम साडेतीनशे वर्षं खाऱ्या वाऱ्याला पुरून उरलं आहे. असं पक्कं काम पाहिलं की मला भरून येतं.

७. लाट वळते, आणि टोकाला जास्त मारते.

खोल समुद्रात १० सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची लांबी दीडशे मीटरच्या आसपास भरते. या लांबीच्या निम्म्या खोलीवर आली की तिला तळ लागायला सुरुवात होते. जो भाग उथळ पाण्यात आला तो मंदावतो, खोल पाण्यातला पुढे धावतो, आणि सगळी लाट किनाऱ्याच्या आकाराप्रमाणे वाकते. भूशिरापुढे तळ आधी उथळ होत असल्याने लाटा दोन्ही बाजूंनी त्याच्यावर एकवटतात. मधल्या उपसागरात त्या पांगतात, जोर ओसरतो, वाळू बसते. म्हणून हरिहरेश्वरला कडा आणि शेजारी श्रीवर्धनला लांबलचक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. जयगड, विजयदुर्ग, रत्नदुर्ग हे किल्ले अशाच टोकांवर आहेत. जिथं लाट सर्वांत जोरात मारते तिथं टिकून राहिलेला खडक हा पायाला सर्वांत भरवशाचा, ही पारख त्या बांधणाऱ्यांना होती असं मी मानतो.

दगड बदलला की किनाऱ्याची तऱ्हाही बदलते. रत्नागिरीकडे काळ्या पाषाणावर जांभ्या दगडाची टोपी आहे, वर सडा म्हणजे उघडा सपाट कातळ पसरलेला. जांभा पाण्याने आतून पोखरला जातो आणि पाया सुटला की मोठाले ठोकळे खाली येतात. त्याच शहरात काळ्या वाळूचा समुद्र आहे आणि जवळच पांढरा समुद्रही. काळी वाळू जड, लोहयुक्त खनिजांची. पांढरीत शिंपल्यांचा चुरा जास्त. मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलं की आपला ओळखीचा काळा दगड संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक लागतात.

८. पावसाळ्यात गेलेली वाळू चोरीला गेलेली नसते.

जूनमध्ये गुहागरची किंवा श्रीवर्धनची पुळण बघितली तर काळजात धस्स होतं. वाळू खरवडलेली, किनाऱ्याला उभी पायरी पडलेली, सुरूच्या झाडांची मुळं उघडी. तीच पुळण फेब्रुवारीत जाऊन बघा. पावसाळ्यातल्या उंच, घाईच्या लाटा वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात. त्या बांधावर पुढच्या लाटा आधीच फुटतात. पाऊस सरला की लांब, संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. वरच्या बाजूला मर्यादवेल असते, तिच्या मुळांत ही वाळू धरून राहते.

या येण्याजाण्यात आपण भिंत घातली की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. धूपप्रतिबंधक बंधारा उभा राहिला, मागची घरं काही वर्षं सुखात राहिली. पण उभ्या भिंतीवर आपटलेली लाट जोर न गमावता मागे फिरते आणि जाताना भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरते. पुळण खाली जाते, पाणी खोल होतं, पुढची लाट भिंतीपर्यंत न फुटता येते. मग दगड ढासळतात, पुन्हा नवे दगड, मग टेट्रापॉड म्हणजे काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे. बंधारा जिथं संपतो तिथल्या शेजाऱ्याच्या वाडीत धूप वाढते. ज्यांचं घर लाटेच्या तोंडी आहे त्यांना बंधारा मागू नका असं सांगायचा मला अधिकार नाही. पण पुळणीवर नवं बांधकाम करू देणं, खाडीतली वाळू उपसणं, सुरू-केवड्याची रांग तोडणं, आणि मग सरकारी पैशाने दगड ओतणं, हा व्यवहार चुकीचा आहे आणि मी तसं स्पष्ट म्हणतो. वाळूला जायला आणि यायला जागा मोकळी ठेवली तर किनाऱ्याचं रक्षण पुळणच करते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. त्यानंतर गेलो तेव्हा माडा-पोफळीच्या बागा आडव्या झालेल्या होत्या. असं वादळ पुन्हा येईल तेव्हा समुद्र आणि वस्ती यांच्यामध्ये मोकळी जागा असलेली बरी.

९. तिथीची पाऊणपट करायला शिका.

हे मला होडी चालवणाऱ्या एका तांडेलकाकांनी शिकवलं. "गुरुजी, घड्याळ सोडा, आज तिथी कुठली?" मी चतुर्थी म्हटलं. "मग चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती पुरी." पक्षातली तिथी घ्यायची, पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ साधारण तीच. तिथून सहा तासांच्या आसपास ओहोटी. हा ठोकताळा आहे, जागेनुसार थोडं पुढेमागे होतं, छापील वेळापत्रक अधिक अचूक असतं. पण ठोकताळ्याने एक मोठी गोष्ट उघड होते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते आणि ती दुपारी बाराच्या सुमारास पुरी होते. आपले भाविक नेमके याच दिवशी, दर्शन आटोपून, याच वेळेला हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला खडकावर उतरतात. भूशिरावर लाटा एकवटलेल्या, पाणी सर्वांत वर, मागे कडा आणि वर चढायला एकच चिंचोळी वाट. तिथं माणसं वाहून गेली आहेत, आणि त्यांत घाटावरची पुष्कळ होती. समुद्राची ओळख नसलेली.

धोका खडकावरच असतो असंही नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या पुळणीवर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळाही नव्हता आणि वादळही नव्हतं. आत शिरलेलं पाणी परत फिरताना एखाद्या खोलगट पट्टीतून माणसाला जोराने ओढत नेतं, आणि वरून तो भाग शांत दिसतो. दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून, इथं वारा पडलेला असतानाही किनाऱ्याला लागतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यांचे इशारे देते, ते आता मोबाइलवर बघता येतात. त्या मुलांचा विचार मनात आला की आजही माझी झोप उडते.

म्हणून सहल नेणाऱ्या सगळ्या शिक्षकबंधू-भगिनींना हात जोडून विनंती आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यानची तारीख धरा. खडक दाखवायचा असेल तर अष्टमी-नवमीच्या आसपासचा दिवस निवडा. त्या दिवशी भांगाची भरती असते, पाण्याचा चढउतार कमी असतो आणि ओहोटी दुपारच्या सुमारास येते. निघण्याआधी इन्कॉइसचा इशारा बघा. पोचल्यावर गावातल्या कोळी माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर उतरू नका. ओहोटी पुरी व्हायच्या तासभर आधी खाली जा, पाणी परतू लागलं की मुलं मोजून वर आणा. पुळणीवर गुडघ्याच्या वर पाण्यात कोणालाही जाऊ देऊ नका, पोहता येत असलं तरी.